बिनमिशीचा नाईक

“ह्यो कोण?” काकीनं विचारलं, आणि अख्ख्या पुतळा कमिटीची तोंडं सुपारी चघळता चघळता थांबली.

टेम्पो पारापाशी उभा होता. पुतळा नुकताच उतरवून चौथऱ्यावर बसवला होता. छातीपर्यंतचा, सिमेंटचा, वरून तांब्याचा रंग मारलेला. टोपी बरोबर होती. बाहीवरच्या नाईक हुद्द्याच्या दोन फिती बरोबर होत्या. आणि नाकाखाली मिशी होती. मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोन्ही टोकं वर गेलेली, लिंबू ठेवलं तर लिंबू झोप काढील अशी.

“शालन, असं काय करतीस? उत्तम हाय की आपला,” करपे अण्णा म्हणाले.

करपे अण्णा म्हणजे निवृत्त सुभेदार. माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष, पुतळा कमिटीचे अध्यक्ष, जत्रा कमिटीचेही अध्यक्ष. आमच्या शिलवडीत खुर्ची मोकळी दिसली की लोक अण्णांना हाक मारायचे. आणि उत्तम म्हणजे माझा धाकटा चुलता, आमचा नाना. पाच वर्षांपूर्वी काश्मीरात बर्फातल्या एका चौकीवर शहीद झाला. शालन काकी त्याची बायको. काकीच्या कडेवर ईशी होती, त्यांची पोरगी. नाना गेला तेव्हा ही पोटात होती, त्यामुळे बाप तिनं पाहिलाच नव्हता. बाप बघायलाच तिला आणलं होतं.

ईशीनं पुतळ्याकडं नीट बघितलं, बोट केलं आणि आनंदानं ओरडली, “अण्णाआबा!”

सगळ्यांनी आधी पुतळ्याची मिशी बघितली, मग अण्णांची. हुबेहूब! कुणी हसलं नाही. म्हणजे मी हसले, पण मला तेव्हा मोजतंय कोण?

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, मिशीवरून एवढं काय? तर त्यासाठी आमचं गाव माहीत पाहिजे. शिलवडीत घरटी एक फौजी. पोरगं भरती झालं, ट्रेनिंग संपवून पहिल्या रजेवर आलं, की त्यानं आधी घरी जायचं नाही. आधी पारावर. तिथं धोंडूमामा न्हाव्यानं खुर्ची मांडलेली असते. भोवती सगळे पेन्शनर फौजी. मामा फेस लावतो, वस्तऱ्यानं पोराची मिशी कोरतो, आरसा धरतो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतो, “झाली कोरून!” मग ढोल वाजतो, आई ओवाळते, आणि तिथून पुढं तो माणूस फौजी. त्याआधी नुसता सरकारी पगारी.

नाना पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याच्या तोंडावर लव नव्हती. विशी उलटली तरी गाल गुळगुळीत. जन्मभर त्याचं हेच दुखणं होतं. भरतीआधी घरात काजळाची डबी सापडेनाशी झाली, की आजी सरळ नानाचं तोंड बघायची. तर धोंडूमामानं ब्रश हातात घेतला, हनुवटी वर केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि विचारलं, “उत्तमा, मिशी ट्रंकेत ठिवलीस काय?”

“जप्त केली मामा,” नाना म्हणाला, “सायब म्हणला, दुश्मन भिऊन येईनासा झालाय, आम्ही लढायचं कुणाशी?”

गाव हसून लोळलं. सगळ्यात जोरात नानाच हसत होता. मामानं मग कोरडाच वस्तरा त्याच्या ओठावरून फिरवला आणि ओरडला, “झाली कोरून!” मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवशी पोट दुखेस्तोवर हसलेलं मला अजून आठवतं.

आणि त्या माणसाच्या तोंडावर कमिटीनं अण्णांची मिशी बसवली होती.

“मिशी काढा,” काकी म्हणाली.

“अगं, फौजी माणूस बिनमिशीचा? उद्या उद्घाटनाला मंत्री यायचेत, उत्तमच्या पलटणीतली माणसं यायचीत. काय म्हणतील, शिलवडीकरांनी शाळामास्तर उभा केलाय?”

“मिशी न्हाई काढली तर मी उद्या यायची न्हाई. ईशीबी यायची न्हाई. दोरी तुमची तुम्हीच वढा.”

काकी वळली आणि गेली. पाच वर्षांत काकीनं गावात कुणाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. दरवर्षी स्मृतिदिनाला तिला स्टेजवर बसवायचे, शाल द्यायचे, आणि ती खाली मान घालून घ्यायची. अण्णा पुतळ्यासारखे उभे राहिले, आणि पुतळा अण्णांसारखा. मग त्यांनी मांडववाल्याला हुकूम सोडला, “कापड टाक त्याच्यावर!” मांडववाल्यानं जमिनीपर्यंत लोळणारं भलंमोठं केशरी कापड टाकलं, वरनं दोरी बांधली, आणि नाना, का अण्णा, जे काय होतं ते, झाकलं गेलं.

घरी काकी चुलीपुढं बसली होती. भाकरी करपत होती तरी तिचं लक्ष नव्हतं.

“काकी, सिमिटाचंच तर हाय,” मी उगीच म्हणाले.

“सिमिटाचं हाय म्हणूनच,” ती म्हणाली. “जयमाले, तुला सांगते, कुणाला बोलू नको. मला त्यांचं तोंड आठवंनासं व्हायला लागलंय. डोळे मिटले की पहिल्यांदा यायचं, तसं येत न्हाई. फोटो बघावा लागतो. आता पारावरनं मी रोज पाण्याला जाणार, बाजाराला जाणार. रोज ह्यो मिशाळ बाबा दिसणार. वरीसभरात माझ्या डोळ्यांपुढं हाच उभा ऱ्हाईल. आणि ह्या पोरीला तर दुसरा बापच न्हाई. ती ह्यालाच बाप म्हणंल. मग माझा माणूस गेला कुठं गं?”

ती रडली नाही. भाकरी उलटली आणि करपलेली बाजू बघत बसली.

आता माझी त्या वेळची पात्रता सांगते. वय एकोणीस. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. पोहे करायचे, पदर घ्यायचा, खाली बघायचं, आणि मुलाच्या मामानं “मुलगी जरा उंच वाटतीय” म्हणायचं, असा एकूण कार्यक्रम. पुढं काय करायचं विचारलं तर मला सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी काय करायचं ते मला अगदी स्वच्छ कळलं. मी वडलांच्या पेटीतली छिन्नी आणि हातोडी काढून ओढणीत गुंडाळली.

आधी धोंडूमामाकडं गेले. म्हटलं, धंदा त्याचा आहे, त्याला आधी विचारावं.

“मामा, एक गिऱ्हाईक हाय. नुसती मिशी उतरायची.”

मामा वस्तऱ्याला धार लावत होता. त्यानं ओढणीकडं बघितलं, तीतून डोकावणाऱ्या हातोडीच्या दांड्याकडं बघितलं. “सिमिटावर वस्तरा चालत न्हाई, बाई. आणि अण्णाचं गिऱ्हाईक मी तोडत न्हाई, महिन्याला दोनदा येतो त्यो.” मग वस्तरा मिटून म्हणाला, “पर स्टूल हाय. पायजे तर ने.”

दुपारी कमिटीचं जेवण होतं. मटणाचा रस्सा हाणून सगळी कमिटी सावलीला आडवी झाली होती. मांडववाली पोरं पलीकडं पहारी ठोकत होती, त्या दणदणाटात माझी ठकठक खपून जाणार होती. मी स्टुलासकट कापडाच्या आत शिरले.

आत केशरी उजेड आणि भट्टीसारखा उकाडा. पुतळ्याचं नाक माझ्या नाकासमोर. “नाना, हलू नकोस बाबा,” म्हटलं, आणि डाव्या मिशीवर छिन्नी ठेवली. पहिल्याच ठोक्याला कळलं की मिशी मागाहून वरून थापलेली आहे. खपलीसारखी सुटत होती. टोक उडालं, मग मधला भाग उडाला, आणि खालून ओठाचा कोपरा बाहेर आला. तो वर गेलेला होता. नाना हसायच्या आधी त्याचा तो कोपरा वर जायचा. माझे हात थांबले. पाच वर्षांनी पहिल्यांदा मला नाना दिसला होता, अर्धाच का होईना.

तेवढ्यात चौथऱ्याच्या पायरीवर कुणीतरी धपकन बसलं. जेवल्यावरची लांब ढेकर आली. ती ढेकर मी ओळखली. अण्णा!

पहारींचा आवाजही नेमका तेव्हाच थांबला. मी छिन्नी हवेत धरून श्वास कोंडला. अण्णा माझ्याकडं पाठ करून बसले होते, कापडाच्या फटीतून त्यांचा फेटा तेवढा दिसत होता.

“उत्त्या,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, संपलं. पण ते माझ्याशी नाही, नानाशी बोलत होते.

“उत्त्या, तुझी बायकू ऐकंना बघ. मिशी काढा म्हणती. तिला काय सांगू मी? तुला भरतीला न्हेला कुणी? मी न्हेला. तू म्हणलास, अण्णा, पळायचा मला कटाळा हाय. मी म्हणलं, गप पळ. तू म्हणलास, तिथं अंडी मिळत्यात का? मी म्हणलं, रोज दोन. तेवढ्यावर गेलास की रं गाढवा! लोक भाषणात सांगत्यात, उत्तमला लहानपणापासनं देशाची वढ. अंड्यांची वढ हुती तुला. मला ठावं हाय.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करायचं?

“तवापासनं एकाबी पोराला न्हेलं न्हाई मी,” अण्णांचा आवाज फाटला. “पोरांना पळवायची शिट्टी तवापासनं खिशातच हाय. मरेस्तवर रोज ह्या पारावर बसायचंय मला. तुझं ते कोरं, हसरं तोंड रोज म्होरं आलं तर मी कसा बसू? मिशी लावली की वाटतं, मेला त्यो दुसराच कुणीतरी. माझ्यासारखा. म्हातारा, जगून झालेला. आणि तू आपला रजेवर यायचा ऱ्हायलायस.”

अण्णा रडत होते. सगळ्या गावाला दरडावणारा माणूस फेट्याच्या टोकानं नाक पुसत होता. मी पुतळ्याला मिठी मारल्यासारखी उभी होते. काकीला ते तोंड पाहिजे होतं म्हणून मिशी नको, आणि अण्णांना ते तोंड सोसत नव्हतं म्हणून मिशी पाहिजे. दोघांचंही खरं होतं.

आणि मला शिंक आली. सिमेंटची धूळ, दुसरं काय! अशी दणकून आली की स्टूल हललं.

कापड वर झालं. अण्णा वर बघत होते, मी खाली.

“खाली उतर,” अण्णा म्हणाले.

“अर्धी राहिलीय, अण्णा.”

“कार्टे, उतर म्हणतो ना!”

मी उतरले. मी बाजूला झाल्यावर अण्णांना तोंड दिसलं. उजव्या बाजूला अण्णांची मिशी, डाव्या बाजूला नानाचं हसू. मी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस मला याच हातोडीनं हाणणार, अशी माझी खात्री झाली होती.

पण अण्णा हळूच म्हणाले, “हसतोय की गं.”

“फोटोत हसतच होता ना तो. शिल्पकारानं फोटोबरहुकूम केला, मिशी मागनं थापलीय.”

“मीच थापाय लावली.” अण्णांनी हात वर केला आणि त्या हसऱ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग स्टूल पायानं सरकवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “बघतीस काय? अर्ध्या मिशीचा उद्या मंत्र्याला दावायचा? चढ. आणि नाक जप. नाक उडालं तर पुन्यांदा मिटिंग घ्यावी लागंल.”

उजवी बाजू उतरली. मिशीसोबत वरचा तांब्याचा रंगही गेला आणि नाकाखाली पांढरट पट्टा राहिला, अगदी दाढीचा फेस पुसायचा राहून गेल्यासारखा. रंग आणायला वेळ नव्हता. अण्णा म्हणाले, “असूं दे.” खाली पडलेले मिशीचे तुकडे मात्र त्यांनी एकेक करून उचलले आणि धोतराच्या सोग्यात बांधून घेतले.

संध्याकाळी अण्णा स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाले, “शालन, उद्या पोरीला घिऊन ये. तिचा बाप यायचाय.”

दुसऱ्या दिवशी मंत्री उशिरा आले, कारण वेळेवर आले असते तर लोकांनी ओळखलं नसतं. त्यांच्या हातात कमिटीनं आधी पाठवलेलं भाषण होतं. ते अण्णांनी लिहिलेलं, मिशी असतानाचं. “बालपणापासून देशभक्तीनं झपाटलेल्या” वगैरे झालं, आणि मग मंत्र्यांनी हात उंचावला, “आता त्या वीराच्या पिळदार मिशीकडं बघा! शत्रूच्या काळजात धडकी भरवणारी ती मिशी…”

ईशीनं दोरी ओढली. कापड खाली आलं.

सगळा मांडव चिडीचूप. पिळदार मिशीच्या जागी गुळगुळीत ओठ आणि पांढरा पट्टा. मंत्र्यांचा हात हवेतच राहिला. कमिटीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले, आणि अण्णा अगदी सावधानमध्ये उभे होते, नजर समोर.

तेवढ्यात मागून, पाराच्या पलीकडून, धोंडूमामाचा आवाज आला.

“झाली कोरून!”

आधी एक म्हातारा फौजी फसकन हसला. मग दुसरा. मग मांडवच फुटला. बायका हसल्या, पेन्शनर हसले, माझे वडील स्मृतिदिनाला कधी तोंड वर करायचे नाहीत, ते गुडघ्यावर थाप मारून हसले. पलटणीतून आलेले हवालदार हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “हां, अब लगा हमारा उत्तम.” मंत्र्यांना काहीच कळलं नव्हतं, पण तेही हसले. त्यांना सवय असते.

काकी पदर तोंडाला लावून हलत होती. हसत होती का रडत होती ते तिचं तिला ठाऊक. तिनं ईशीला उचललं आणि पुतळ्यासमोर धरलं.

“ह्यो कोण?” ईशीनं विचारलं.

“बाप तुझा,” काकी म्हणाली. “बघ कसा हसाय लागलाय, तुझा शेंबूड बघून.”

ईशीनं नाक पुसलं आणि पुतळ्याला जीभ दाखवली.

खरं सांगते, आजवर मी देशभक्तीची शंभर भाषणं ऐकली असतील, एकाही भाषणानं मला जागचं हलवलं नव्हतं. पण त्या मांडवात मला नानाचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा! बर्फात जाऊन उभा राहिला आणि जाताना आपला खरा चेहरा गावाकडं ठेवून गेला. नाहीतर मी, घडीघडी पदर सावरत दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड करून पोह्यांचा ट्रे धरणारी! मला त्याच्यासारखं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर गेले. अण्णा फिरायला येतात ते ठाऊक होतं.

“अण्णा, मला भरतीला जायचंय. सीमा सुरक्षा दलात पोरींची भरती निघालीय.”

“मी कुणाला न्हेत न्हाई आता.”

“नेऊ नका. शिट्टी तेवढी वाजवा.”

“आणि काय झालं तर?” अण्णा एकदम तापले. “पुन्यांदा पुतळा बसवू व्हय मी? पुन्यांदा पारावर बसून बघत ऱ्हाऊ?”

“माझ्या पुतळ्याला मिशीची भानगड नाही, अण्णा.”

त्यांनी हात उगारला. मला वाटलं, आता कानफटात बसणार. पण तो हात खिशात गेला आणि शिट्टी घेऊन बाहेर आला. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज नेहमीसारखा खेकसणारा.

“तोंड लई चालतंय तुझं. पाय चालीव. अंडी मिळतील म्हणून येत न्हाईस ना?”

“मिळतात का?”

“पळ!”

दोन वर्षांनी ट्रेनिंग संपवून पहिल्या रजेवर आले, एसटीतून उतरले, तर पारावर खुर्ची मांडलेली. भोवती सगळे पेन्शनर. पण सगळे चुळबुळत होते, कारण खुर्चीत बाई बसण्याची शिलवडीतली ती पहिलीच वेळ होती. धोंडूमामा हातात ब्रश धरून माझ्याकडं बघायचा, मग अण्णांकडं.

“आता हिचं काय करू?” त्यानं विचारलं.

“करतोस काय!” अण्णा गरजले. “बिनमिशीचा फौजी काय पहिल्यांदा बघतोस? ह्या गावात आधीबी हून गेलाय.”

मी खुर्चीत बसले. मामानं माझी हनुवटी वर केली. समोर नाना होता, नाकाखाली अजून तो पांढरा पट्टा. रंग द्यायचा ठराव कमिटी दरवर्षी करते आणि अण्णा दरवर्षी तो फेटाळतात. गार, कोरडा वस्तरा माझ्या ओठावरून एकदा फिरला. मामानं आरसा धरला आणि ओरडायला तोंड उघडलं, पण त्याला उशीर झाला.

त्याच्याआधी बायकांच्या घोळक्यातून, ओवाळायचं ताट हातात घेतलेली काकी ओरडली होती, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

“झाली कोरून!”